कोबेचे कौल, किल्लारीचे माळवद



चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही सहज म्हणालो, "जपानातील एका बंदराला विमानाने दिलेली भेट." त्यांनी ते तसेच पत्रिकेवर छापून टाकले. आता जपान म्हटले की श्रोत्यांची वक्त्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते : चेरीची फुले, फुजी पर्वत आणि वेळेवर येणारी आगगाडी. यांपैकी फुले आम्ही पाहिली नाहीत, कारण आम्ही जानेवारीत गेलो होतो. पर्वत दिसला नाही, कारण तो आमच्या वाटेवर नव्हता. आणि आगगाडीबद्दल आम्ही मुद्दामच काही बोलणार नाही, कारण आपणां सर्वांना पुन्हा आपल्याच स्टेशनवर जावयाचे आहे.

आम्ही गेलो ते कोबेला. तोकियो नाही, क्योतो नाही, कोबेच का, हे आम्हांला नांदेडात पुष्कळांनी विचारले. लातुरात तरी हा प्रश्न कोणी विचारू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी पडली. त्यानंतर साडेपंधरा महिन्यांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे पडले. दोन्हीकडे काळोख होता, दोन्हीकडे माणसे झोपेत होती. एकाच वर्षी दोन घरांत सुतक पडले की ती घरे एकमेकांची विचारपूस करतात. पण या दोन गावांची आपसांत कधी गाठ पडल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते. म्हणून निवृत्तीनंतर हातात थोडा पैसा आणि पायांत थोडे बळ शिल्लक आहे तोवर जाऊन यावे, असे आम्ही ठरविले, आणि २०२५ च्या जानेवारीत, कोबेच्या भूकंपाला तीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, निघालो.

नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने एक रात्र मुंबईपर्यंत, आणि मुंबईहून बँकॉकला विमान बदलून ओसाकाच्या उपसागरापर्यंत दुसरी रात्र. विमानात शेजारी बसलेल्या तरुणाने आमच्या डब्यातल्या शेंगाच्या चटणीला नाव ठेवले नाही, एवढेच त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे. पण शेवटची पंधरा मिनिटे मात्र आम्ही खिडकीला नाक लावून होतो. खाली पाणी, पाण्यात बोटी, पलीकडे डोंगर. विमान खाली खाली येत चालले, बोटींवरची माणसे दिसतील की काय असे वाटू लागले, तरी जमीन कुठे दिसेना. मग एकाएकी पाण्यातूनच धावपट्टी वर आल्यासारखी झाली आणि चाके टेकली.

हा कान्साई विमानतळ. किनाऱ्यापासून पाच किलोमीटर आत समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर तो ४ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाला. समुद्राच्या तळाची माती मऊ. तिच्यावर एवढा भार आल्यावर बेट खचणार हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते, आणि ते खचतच आले आहे. त्यांनी काय केले असेल? इमारतीच्या सुमारे नऊशे खांबांखाली जॅक बसविले. एखादी बाजू खाली गेली की तेथला खांब उचलावयाचा, पोलादी पत्रा सरकवावयाचा, पुन्हा ठेवावयाचा. आपल्याकडे बैलगाडीचे चाक काढताना धुऱ्याखाली दगड सरकवतात, तसलाच हा प्रकार, फक्त इमारत दीड किलोमीटरहून लांब आहे. विमानतळ सुरू झाल्यावर चार-साडेचार महिन्यांतच भूकंप आला. विमानतळ जागचा हलला नाही. खाडीपलीकडचे शहर मात्र पडले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे : जमीन तीच, हादरा तोच; ज्याने आपली जमीन कच्ची आहे हे मान्य करून घर बांधले त्याचे घर राहिले.

विमानतळावरून कोबेला जावयास वेगवान बोट मिळते. अर्ध्या तासात ती खाडी ओलांडते. (२००६ पासून कोबेचा स्वतःचा विमानतळही आहे, तोही बेटावरच, पण परदेशी विमाने तेथे उतरू लागली ती २०२५ च्या एप्रिलपासून, म्हणजे आम्ही परत आल्यावर.) बोटीतून शहर समोर येते ते एखाद्या लांबट पट्टीसारखे. मागे रोक्को डोंगराची रांग, नऊशे मीटरांहून उंच, पुढे समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत पंधरा लाख माणसे. जागा पुरेना तेव्हा या लोकांनी डोंगर कापला, त्याची माती सरकत्या पट्ट्यावरून किनाऱ्यापर्यंत आणली आणि समुद्रात टाकून नवी बेटे केली. पोर्ट आयलंड नावाच्या बेटाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८१ मध्ये पुरे झाले. 'डोंगर समुद्राकडे निघाला' असे ते लोक या उद्योगाला म्हणत. १९९५ साली याच बेटावर जमिनीखालचे पाणी आणि माती एक होऊन चिखल वर उसळला, धक्के समुद्रात कलंडले. भूकंपाच्या आदल्या वर्षी पेटाऱ्यांतून मालाची ने-आण करणाऱ्या बंदरांत कोबे जगात सहावे होते. दोन वर्षांत त्यांनी सगळे धक्के दुरुस्त केले, पण गेलेली गिऱ्हाइके बुसानला आणि इतर बंदरांना लागली ती परतली नाहीत. मोंढा एकदा दुसऱ्या गावी गेला की परत येत नाही, हे व्यापारी लातूरला आम्ही काय सांगावे!

मोंढ्यावरून आठवले. कोबेचे आणि आपले नाते भूकंपाने जडले असे नाही; ते कापसाने जडले. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले, आणि त्याच वर्षी निप्पोन युसेन कैशा या आगबोट कंपनीने कोबे ते मुंबई अशी वाहतूक सुरू केली. जपानी कंपनीची दूरच्या समुद्रावरची ही पहिली नियमित वाट. तोवर मुंबईचा कापूस पूर्वेकडे नेण्याची मक्तेदारी पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीकडे असल्यासारखी होती. नव्या बोटी सुरू होताच तिने भाडे इतके पाडले की टाटांना आपल्या बोटी बंद कराव्या लागल्या. जपानी कंपनी मात्र टिकली. मुंबईत तेव्हा जो कापूस येई त्यात वऱ्हाड, खानदेश आणि निजामाच्या राज्यातला, म्हणजे आपल्याकडचाही, माल असे. तेव्हा कोणा नांदेडकर शेतकऱ्याच्या सरकीतून निघालेला धागा कोबेच्या धक्क्यावर उतरला असेल तर नवल नाही. त्या शेतकऱ्याला ते कधी कळले नसेल.

मागाहून हिंदी व्यापारीही तेथे गेले. त्यांतले पुष्कळ आधी योकोहामाला होते. १९२३ च्या सप्टेंबरात तेथे प्रचंड भूकंप झाला आणि ते कोबेला येऊन राहिले. एका भूकंपाने घालविलेले लोक दुसऱ्या भूकंपाच्या गावी जाऊन बसले, अशी ही कथा. योकोहामात समुद्रकाठच्या यामाशिता बागेत हिंदी लोकांनी बांधून दिलेली पाणपोई आहे : भूकंपाच्या वेळी तेथल्या लोकांनी केलेल्या मदतीची ती फेड. कोबेत १९३५ ची मशीद आहे, ती १९४५ च्या बाँबफेकीतून वाचली आणि १९९५ च्या भूकंपातूनही. जैन मंदिर आहे, गुरुद्वारा आहे. नांदेडच्या माणसाला परदेशात गुरुद्वारा दिसला की आपल्या गल्लीत आल्यासारखे वाटते, हे वेगळे सांगावयास नको.

आता मुद्द्याकडे येतो.

कोबेत भूकंपाच्या आठवणीसाठी एक मोठे संग्रहालय आहे, २००२ साली उघडलेले. त्याचे लांबलचक नाव मराठीत आणावयाचे तर 'आपत्ती कमी करण्याचे व माणूस पुन्हा उभा करण्याचे केंद्र' असे काहीतरी होईल. आत गेल्याबरोबर एका अंधाऱ्या दालनात पडद्यावर आणि आवाजात ती पहाट दाखवितात. आमच्या शेजारी शाळेची मुले होती; ती एकमेकांना चिकटून उभी राहिली. आम्ही डोळे मिटून घेतले. पडक्या घरांची एक गल्लीही तेथे हुबेहूब उभारली आहे. त्यानंतर येतात ते 'कातारिबे', म्हणजे सांगणारे. भूकंप ज्यांनी अंगावर घेतला ती ही माणसे, आता बहुतेक म्हातारी. येणाऱ्याजाणाऱ्याला आपली हकीकत सांगत बसतात. आपल्याकडे देवळात पुराण सांगतात तशी त्यांची बैठक, फक्त पुराण त्यांच्याच घरचे.

आमच्या वाट्याला एक बाई आल्या, पंचाहत्तरीच्या आसपासच्या. दुभाषा म्हणून एक महाविद्यालयीन मुलगा होता. बाई म्हणाल्या, "आमचे घर लाकडी, दुमजली, कौलारू. मी आणि माझे यजमान माडीवर झोपत असू. सासूबाई खाली, कारण त्यांना जिना चढवत नसे. सकाळी मी उठले तेव्हा माडी रस्त्याला टेकली होती. मी खिडकीतून सरळ रस्त्यावर पाय ठेवला. खालचा मजला कुठे गेला ते मला समजेना."

असे एकट्या त्यांच्याच घरी घडले नव्हते. कोबे आणि आसपासच्या भागात मिळून ६,४३४ माणसे गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेली. दहांतली आठ तरी घराखाली सापडून मेली. आगींनी सात हजारांवर घरे जाळली, नागाता भागातले चपला-बूट करणारे छोटे कारखाने रबरासकट पेटले, उन्नत मार्गाचा सहाशे मीटरांहून लांब तुकडा आडवा पडला. त्या आडव्या मार्गाचे छायाचित्र सगळ्या जगाने पाहिले आणि जगाला वाटले की कोबे त्या मार्गाने मारले. मारले ते घराच्या छपराने.

आम्ही बाईंना विचारले, "एवढे जड कौल घालत कशाला?" त्या आमच्याकडे जरा आश्चर्याने पाहून म्हणाल्या, "वादळासाठी."

त्या मुलुखात दरवर्षी तुफाने येतात. हलके छप्पर उडून जाते. म्हणून जुनी रीत अशी की छपरावर आधी मातीचा थर द्यावयाचा, त्यात जड भाजके कौल बसवावयाचे. मग वारा त्याला हलवू शकत नाही. शिवाय मातीमुळे उन्हाळ्यात खाली गारवा. खालच्या मजल्याला मात्र मोठमोठे सरकते दरवाजे, भिंत थोडी, तिरका आधार जवळजवळ नाहीच. आणि जुन्या लाकडाला वाळवी. म्हणजे डोक्यावर गाठोडे आणि पाय काडीचे. शंभर वादळांना हे घर पुरून उरले. भूकंपाला ते वीस सेकंद पुरले नाही.

मंडळी, हे ऐकल्यावर आम्ही काही वेळ काही बोललो नाही. दुभाष्या मुलाला वाटले की त्याचे भाषांतर आम्हांला समजले नाही. त्याने ते पुन्हा सांगितले.

आपले माळवद काय होते? खाली खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काड्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत रुंद. वैशाखात बाहेर पाखरू फडकत नसे तेव्हा माळवदाखाली दुपारची झोप लागे. माठातल्या पाण्यासारखा गारवा. पाऊस लागण्याआधी घरधनी माळवदावर नवी माती टाकी, नाहीतर गळेल. बापाने टाकलेल्या मातीवर मुलाने टाकावी, मुलाच्या मातीवर नातवाने. कोणी खरवडून काढीत नसे. असे करता करता तो थर फूट, दीड फूट, कोठे दोन-अडीच फुटांपर्यंत गेला. घराला जितके वय तितके त्याच्या डोक्यावर ओझे. आणि ती रुंद भिंत तरी एक होती काय? बाहेरून एक दगडी तोंड, आतून दुसरे, मध्ये दगडगोटे आणि मातीची भर. दोन्ही तोंडांना आरपार बांधणारा दगड क्वचितच. हादरा बसला तेव्हा भिंती पोटातून फुगून फाटल्या आणि वरची माती खाली आली. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता. त्याच्या आत माणसे मातीने गुदमरली होती. त्या दिवसांत मदतीला गेलेल्या आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, तो दगडाबद्दल बोलणार नाही, मातीबद्दल बोलेल. नाकातोंडात गेलेल्या मातीबद्दल.

त्या रात्रीचे वर्णन आम्ही लातुरात करणार नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकते येऊन पडले होते, हे तुम्ही आमच्याहून चांगले जाणता. आम्ही नांदेडचे, आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली, आम्ही अंगणात आलो, आणि उजाडल्यावर आकाशवाणीवर गावांची नावे ऐकली.

दोन आकडे मात्र शेजारी ठेवून पाहावेत. आपला भूकंप ६.२, शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या एका मापाने ६.४. कोबेचा ६.९. या मापात एक अंश चढला की बाहेर पडणारी शक्ती तीस-बत्तीस पट होते. त्या हिशेबाने कोबेचा हादरा आपल्याहून दहा-अकरा पट मोठा होता, आणि तो एका भरगच्च शहराच्या पोटाखाली झाला. तेथे साडेसहा हजारांच्या आत माणसे गेली. आपल्याकडे साधी खेडी, किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी अशी, आणि सरकारी मोजणीनेही आठ हजारांच्या घरात माणसे गेली; इतर मोजण्या दहा हजारांच्या जवळ जातात. तेव्हा भूकंप किती मोठा होता हा प्रश्न अपुरा आहे. आपले शास्त्रज्ञ दख्खनच्या या पठाराला स्थिर समजत आले होते. कोबेकरही म्हणत असत की मोठे भूकंप तोकियोच्या बाजूला होतात, आमच्याकडे नाही. दोघांच्याही समजुतीच्या वर छप्पर होते.

यापुढे काय झाले, ते दोन्हीकडचे सरळ सांगतो. स्तुती करावयाची तेथे स्तुती, नाही तेथे नाही.

जपानने १९८१ सालीच घरबांधणीचे नियम कडक केले होते. १९९५ साली असे दिसून आले की त्यानंतर बांधलेली घरे पुष्कळशी तगली आणि पडली ती आधीची. म्हणून त्याच वर्षी त्यांनी जुन्या घरांना बळकटी देण्याचा कायदा केला, आणि २००० साली लाकडी घरांचे नियम पुन्हा आवळले. पण माणसांना निवारा देताना त्यांच्या हातून एक विपरीत घडले. तात्पुरत्या घरांच्या वाटपात म्हाताऱ्यांना आणि अपंगांना अग्रक्रम दिला, आणि घरे दिली सोडतीने. दिसावयास किती न्याय्य! झाले असे की एका गल्लीतली म्हातारी दहा ठिकाणी विखुरली, शेजारी अनोळखी. काही जण खोलीत एकटेच मेले आणि कित्येक दिवस कोणाला कळले नाही. अशा मरणाला त्यांच्या भाषेत एक स्वतंत्र शब्दच आहे. ज्या गावात ढिगाऱ्याखाली सापडलेल्या सुमारे पस्तीस हजारांपैकी सत्तावीस हजारांना शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनीच ओढून काढले असा अभ्यासकांचा अंदाज आहे, त्याच गावात मागाहून शेजारच मोडला.

आपल्याकडे आपण गाव मोडले नाही. बावन्न गावे उचलून नव्या जागी नेली. जागतिक बँकेचा पैसा आला, संस्था आल्या, पोरक्या झालेल्या मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेऊन शिकविले. नव्या गावांत सिमेंटचे पट्टे घातलेली घरे, रुंद रस्ते. परंतु घर द्यावयाचे ते जमिनीच्या मानाने : भूमिहीनाला आणि अगदी लहान शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्याला साडेसातशे. आणि अडीचशेवाली घरे एका रांगेत, साडेसातशेवाली दुसऱ्या. म्हणजे भाऊबंदकी, गल्ली, आळी हे सारे जाऊन सातबारा पाहून शेजार ठरला. कोबेने चिठ्ठ्या टाकून शेजार मोडला, आपण एकर मोजून. डावेउजवे करण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीत मात्र आपण कोणाला हार गेलो नाही, आणि ती आपल्याच लोकांना कमी माहीत आहे. जी गावे हलविली नाहीत, अशा शेकडो गावांत लाखाहून अधिक घरांना बळकटी देण्याचे काम झाले. घरामागे पैशाची मदत. माळवदावरची माती उतरवून थर पातळ करावयाचा, भिंतीला जागोजाग आरपार भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरावयाचे, भिंतीला जाळीचा पट्टा बांधावयाचा. हे लोकांना समजावून देण्यासाठी 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. इंजिनियर साहेब सांगे ते घरधन्याला पटेना. पण शेजारची बाई म्हणाली, "अहो, आजेसासऱ्याने टाकलेली माती आहे, काढून टाका ती," की तो शिडी आणी. आम्ही कोबेच्या त्या बाईंना हे सांगितले. त्यांनी वहीत लिहून घेतले. भोके पाडण्याची रीत त्यांनी दोनदा विचारली.

मग त्यांनी आम्हांला विचारले, "तुमच्याकडे हे मुलांना कोण सांगते?"

आम्ही सांगितले की दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ लोक जमतात, श्रद्धांजली वाहतात. त्या म्हणाल्या, "ते गेलेल्यांसाठी झाले. मुलांना कोण सांगते?"

१७ तारखेला आम्ही पहाटे साडेचारला उठलो. थंडी अशी की लातूरचे सगळे स्वेटर एकावर एक घातले तरी भागले नसते. नगरपालिकेजवळच्या हिगाशी युएन्ची बागेत बांबूचे आणि कागदाचे हजारो दिवे जमिनीवर मांडले होते, आणि त्यांच्या ओळींतून '१.१७' हा आकडा उमटला होता. भाषणे नाहीत. लोक येत होते, काडी ओढून विझलेला दिवा पुन्हा लावीत होते, उभे राहत होते. पाच शेहेचाळीसला सगळे स्तब्ध झाले. आमच्या पुढे एक गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन उभे होते. मिनिट संपल्यावर त्यांनी त्या पोराला खाली बसवून दिव्याकडे बोट दाखवीत काहीतरी सांगावयास सुरुवात केली, आणि बराच वेळ ते सांगत होते. आम्हांला अक्षर कळले नाही. बागेत एक तळघर आहे, त्याच्या भिंतीवर गेलेल्यांची नावे कोरली आहेत. तेथे बाया नावावरून हात फिरवीत होत्या, गोंजारल्यासारखा.

कोबेला आणखी पुष्कळ पाहण्यासारखे आहे. धक्क्याचा साठ मीटरांचा तुकडा मोडला तसाच राखून ठेवला आहे. कलंडलेले दिव्याचे खांब अजून कललेलेच आहेत. समोरच्या आवाजी बेटावर जमीन फाटली ती भेगच छपराखाली जपली आहे. त्या बेटाकडे जाणारा प्रचंड झुलता पूल भूकंपाच्या वेळी अर्धवट बांधलेला होता. त्याचे मनोरे एकमेकांपासून जवळजवळ एक मीटर दूर सरकले, तेव्हा इंजिनियरांनी हिशेब नव्याने मांडला आणि १९९८ साली पूल पुरा केला. नागातात एका जुन्या चित्रकथेतला अठरा मीटर उंचीचा लोखंडी राक्षस उभा केला आहे. तो बाजारपेठेचे रक्षण करतो म्हणे. बाजारपेठ मात्र आम्हांला ओसच दिसली.

आता घराकडे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर हिंगोली, नांदेड, परभणीकडे दोन धक्के बसले, पहिला ४.५, दुसरा दहाएक मिनिटांनी ३.६. १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५. मार्चच्या त्या धक्क्यांनंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने लोकांना एक सूचना केली, ती कदाचित आपल्या ध्यानात असेल : ज्यांच्या पत्र्याच्या घरावर आधाराला दगड ठेवले आहेत, त्यांनी ते काढावेत. आम्ही ती सूचना तेव्हा वाचली आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवले. कोबेहून परतल्यावर मात्र तिचा अर्थ नीट लागला. माळवदे गेली, माती गेली, पत्रे आले. आणि पत्र्यांवर आपण पुन्हा दगड नेऊन ठेवले. का? वादळासाठी.

आमचे एक नातलग अर्धापूरच्या बाजूला शेतात राहतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा पत्र्यावर ओळीने धोंडे होते, एकेक पाच-सात किलोंचा, आणि खाली पाळण्यात त्यांची नात. आम्ही सूचनेची आठवण दिली. ते म्हणाले, "दादा, धोंडे काढले तर पहिल्या वळवाच्या वाऱ्याला पत्रा उडून शेजाऱ्याच्या उसात जातो. ठेवले तर धरणीकंपाची भीती. सरकार म्हणते काढा. काढून पत्रा धरू का मी हाताने?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कोबेच्या बाई अगदी हेच म्हणाल्या होत्या, आणि माळवदावर माती टाकणारा किल्लारीचा घरधनीही हेच म्हणाला असता. जड छप्पर कोणी मूर्खपणाने करीत नाही. रोजच्या शत्रूसाठी करतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी येणारा शत्रू त्याच्या हिशेबात नसतो. म्हणून नुसते 'काढा' म्हणून भागत नाही. पत्रा खालच्या पाइपाला हूक आणि नटबोल्टने आवळला तर दगडाची गरज राहत नाही. हे काम कोणताही गावचा वेल्डर करतो. अडचण एवढीच, की दगड फुकट मिळतो आणि हूक विकत घ्यावे लागतात.

आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन हूक, वायसर आणि एक वेल्डर असे तिन्ही घेऊन आलो. दुपारपर्यंत पाळण्यावरची बाजू झाली. मग वीज गेली. वेल्डर उद्या येतो म्हणून गेला, त्याच्या घरी लग्न निघाले, नंतर पेरण्या लागल्या. परवा टेलिफोनवर विचारले, तर निम्म्या पत्र्याला हूक आहेत आणि निम्म्यावर धोंडे.